वेगळी काढलेली वाटी

चिनी जेवण म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नाक्यावरची लाल रंगाची हातगाडी उभी राहते. भडकलेल्या शेगडीवरची खोलगट कढई, हवेत उडणारा भात आणि काळसर रश्शात बुडालेले मंच्युरियनचे गोळे. या मंच्युरियनचा जन्म मुंबईचा. चीनमधील एखाद्या गृहिणीपुढे ते ठेवले तर हे काय आहे म्हणून ती आपल्यालाच विचारील. गाडीवरच्या खाण्याला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. आमची नातवंडे ते आवडीने खातात आणि प्रसंगी आम्हीही त्यांना साथ देतो. परंतु एखाद्या समाजाचे अन्न आपण खाल्ले म्हणजे त्याचे घर पाहिले असे होत नाही, एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला आम्हांला वयाची साठी ओलांडावी लागली.

२०१५ सालच्या फेब्रुवारीत आम्ही व आमच्या सौभाग्यवती सिंगापूरला मुलीकडे गेलो होतो. तिच्या धर्मग्रामातील एका चिनी कुटुंबाशी मुलीचा व जावयांचा घरोबा होता. त्या कुटुंबाने आम्हां सर्वांना चांद्र नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या भोजनाचे आमंत्रण दिले. या भोजनाला ते लोक पुनर्मीलनाचे भोजन म्हणतात. ते घरच्या माणसांचे असते. पाहुण्यारावळ्यांचे दिवस त्यानंतरचे. या एका जेवणापायी चीनमधील कारखान्यांची शहरे दरवर्षी ओस पडतात आणि कामगारांचे लोंढे दोन-दोन दिवसांचा प्रवास करून गावाकडे जातात. अशा पंगतीत आपल्याला बसवून घेतले जात आहे, याचे मोल आम्हांला त्यावेळी कळले नाही. मागाहून समजले की हा त्या घरच्या आजींचा निर्णय होता. मुलीचे आईवडील एवढा समुद्र ओलांडून आले असता त्यांनी ती रात्र इतर कोणत्याही रात्रीसारखी काढावी, हे त्यांना पटले नव्हते.

त्या वर्षी एक पेच पडला होता. नववर्ष १९ फेब्रुवारीला आले, म्हणजे पुनर्मीलनाचे भोजन १८ तारखेच्या रात्री. आणि १८ फेब्रुवारी हा राखेचा बुधवार. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात पाऊल ठेवेपर्यंत उपवास, आणि चौदा वर्षांवरील सर्वांना मांस वर्ज्य. (आम्ही उपवासाच्या वयातून सुटलो होतो, मांसवर्ज्यातून नव्हे.) वर्षातील सर्वांत मोठी मेजवानी आणि वर्षातील सर्वांत कडक उपवास एकाच सायंकाळी आल्यामुळे आशियातील चिनी वस्तीच्या अनेक धर्मप्रांतांत बिशपमहोदयांनी त्या दिवसापुरती सूट दिली आणि तिच्याऐवजी दानधर्म किंवा अन्य प्रायश्चित्त करण्यास सांगितले. तसे करण्याचा अधिकार त्यांना आहे. सकाळी कपाळाला राख लावून घेतलेली माणसे रात्री मेजवानीला बसणार, याची आम्हांला थोडी गंमत वाटली होती, हे कबूल केले पाहिजे. खरा पेच या सुटीच्या पलीकडे होता, तो त्या घरात गेल्यावर आम्हांला दिसला.

सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतीतील ते तीन खोल्यांचे घर. आजींचे वय ऐंशीच्या आसपास. त्यांचे माहेर-सासर मूळचे दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचे, तिओच्यू बोलणाऱ्या लोकांतले. थोरला मुलगा तिशीत असताना स्नानसंस्कार घेऊन ख्रिस्ती झालेला, त्याची पत्नी जन्माने कॅथलिक. त्यांना दोन मुले. धाकटा मुलगा, त्याची पत्नी आणि स्वतः आजी आपल्या परंपरेतले. दर्शनी भिंतीपाशी उंच फळीवर दोन लाल दिवे, मधे नामफलक आणि बाजूला आजोबांचे छायाचित्र. आजोबा वारून त्या वेळी वीस वर्षे झाली होती.

आम्ही ठरल्यापेक्षा तासभर लवकर पोहोचलो, त्यामुळे जे पाहुण्याने पाहावयाचे नसते ते आम्ही पाहिले. फळीपुढे मेज मांडून त्यावर अख्खी उकडलेली कोंबडी, भाजलेले डुकराचे मांस, सोया सॉस व मसाल्यांत मंद आचेवर शिजवलेले बदक, वाफवलेले अख्खे पापलेट, भाताच्या वाट्या, प्रत्येक वाटीशी काड्यांची जोडी, चहाचे व मद्याचे इवलेसे प्याले ठेवले होते. उदबत्त्या जळत होत्या आणि घरातील कोणीही त्या अन्नाकडे वळत नव्हते. पितर जेवत होते. उदबत्त्या बऱ्याचशा खाली आल्यावर आजींनी दोन नाणी हातांत घोळवून जमिनीवर टाकली. एकाचा छाप व दुसऱ्याचा काटा वर आला तर पितरांचे जेवण झाले, दोन्ही सारखी पडली तर अद्याप व्हावयाचे आहे. नाणी सारखी पडली. आजी हसून काही बोलल्या. नातीने आम्हांला इंग्रजीतून सांगितले, "आजी म्हणते, आजोबा आयुष्यभर सावकाशच जेवायचे." आणखी दहा मिनिटे सर्व जण थांबले. दुसऱ्यांदा नाण्यांनी होकार दिला, तेव्हा ताटे आत गेली, पुन्हा गरम झाली आणि तेच अन्न आमच्या जेवणासाठी बाहेर आले.

तेच अन्न, परंतु सर्वांसाठी नव्हे. स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाकण घातलेले कप्प्यांचे डबे होते. पदार्थ चुलीवरून उतरल्याबरोबर, पितरांचे मेज मांडण्यापूर्वी, थोरल्या मुलाच्या कुटुंबाचा वाटा आजी त्यांत काढून ठेवीत. आमच्या मुलीने यामागची हकिकत आम्हांला हळू आवाजात सांगितली. थोरली सून लग्न होऊन आली त्या पहिल्या नववर्षाला, पितरांपुढे ठेवलेले अन्न आपल्याला खाता येणार नाही असे तिने नम्रपणे सांगितले आणि नुसता भात व संत्रे खाऊन ती उठली. त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलले नाही. पुढच्या वर्षी ते डबे ओट्यावर आले. त्याविषयी सासू-सुनेत एक शब्द झाला नाही. चौदा वर्षे ते येत आहेत.

यात दोष कोणाचा, असे विचारले तर आम्हांला एकाकडेही बोट दाखवता येत नाही, आणि म्हणूनच आम्ही हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

चिनी घरात अन्न म्हणजे काय हे प्रथम समजून घ्यावे लागते. त्यांच्या जेवणात दोन भाग असतात: एक भात, किंवा उत्तरेकडे गव्हाचे पदार्थ, आणि दुसरे म्हणजे भाताबरोबर खावयाचे सर्व काही. भात ज्याच्या त्याच्या वाटीत, बाकीचे सर्व मध्यभागी, सामाईक. आपल्यासारखे पान वाढून पुढे येत नाही. त्यामुळे समोरच्या ताटातील चांगला तुकडा उचलून स्वतःच्या तोंडात घालायचा की दुसऱ्याच्या वाटीत ठेवायचा, ही निवड जेवताना सारखी करावी लागते. आई मुलाच्या वाटीत माशाच्या गालाचे मांस ठेवते. मुलगा ते उचलून आईच्या वाटीत परत ठेवतो. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य त्या पिढीच्या चिनी आईवडिलांच्या तोंडून क्वचितच निघते. ते सर्व या काड्यांच्या टोकावरून बोलले जाते. वडीलधाऱ्याने काड्या उचलल्याखेरीज कोणी उचलीत नाही. रस्त्यात भेटलेल्या माणसाला तेथे 'जेवलात का?' असे विचारण्याची जुनी रीत आहे. तैवानचे दिग्दर्शक आँग ली यांनी १९९४ साली एक चित्रपट काढला. त्यातील विधुर बल्लवाचार्य आपल्या तीन मुलींशी मनातले बोलू शकत नाही, मात्र दर रविवारी त्यांच्यासाठी राजेशाही जेवण रांधतो. चिनी प्रेक्षकांना त्यात नवल वाटण्याजोगे काही नसावे.

आणखी एक नियम आम्हांला विशेष वाटला. भाताच्या वाटीत काड्या उभ्या खोचून ठेवायच्या नाहीत. तसे केलेले पाहून आजींनी धाकट्या नातवाच्या हातावर चापट मारली. उभ्या काड्या उदबत्तीसारख्या दिसतात. तसा भात मृतांचा. म्हणजे जिवंत आणि मृत यांतील भेद या लोकांना कळत नाही असे नव्हे. तोच भात, तीच वाटी. परंतु काड्या आडव्या की उभ्या, यावरून तो कोणाचा ते लहान मुलालाही शिकवले जाते.

सणाच्या अन्नाला तर प्रत्येक घासाला अर्थ आहे. मासा शिजवायचा आणि थोडा शिल्लक ठेवायचा, कारण 'मासा' व 'शिल्लक' हे शब्द त्यांच्या भाषेत सारखेच उच्चारले जातात. उत्तरेकडे मध्यरात्री मोदकासारख्या पारीच्या, परंतु आत मांस व भाजी भरलेल्या जियाओझी उकडतात. जुन्या काळच्या सोन्याच्या लगडीचा त्यांना आकार, आणि एखादीत नाणे लपवलेले. दक्षिणेकडे चिकट तांदळाच्या पिठाचा गोड केक, कारण त्याच्या नावात 'उंच' या शब्दाचा ध्वनी आहे. उन्हाळ्यातील नौकांच्या सणाला पानांत गुंडाळून उकडलेला चिकट भात करतात. सुमारे बावीसशे नव्वद वर्षांपूर्वी नदीत देह टाकणाऱ्या छू युआन या कवीसाठी लोकांनी पाण्यात भात टाकला, त्याची ही आठवण असे सांगतात. एका मृतासाठी नदीत सोडलेला भात आज मुले आवडीने खातात. त्यात कोणाला पूजा दिसत नाही.

मात्र सर्व काही इतके निरागस आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चुलीचा एक देव आहे. तो वर्षअखेरीस घरच्या वागण्याचा अहवाल घेऊन स्वर्गात जातो, म्हणून निघण्यापूर्वी त्याला चिकट गोड खाऊ देऊन त्याचे तोंड गोड करतात. म्हणजे अहवालही गोड होतो! आणि ज्या नाण्यांची गंमत आम्ही पाहिली, तीही शेवटी मृताला विचारलेला प्रश्न होता आणि त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा होती. हा केवळ आदर आहे, पूजा नाही, असे म्हणणाऱ्याला या नाण्यांविषयी काही बोलावे लागेल. सुनेला जे टोचले, ते उगाच नव्हे.

संत पौलांनी करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात हा प्रश्न आठव्या आणि दहाव्या अध्यायांत हाताळला आहे. करिंथ शहरात देवळात बळी दिलेल्या पशूचे मांस बाजारात येई. ते ख्रिस्ती माणसाने खावे काय? मूर्ती काहीच नाही हे ज्याला पक्के ठाऊक आहे त्याला त्या मांसाचे भय नाही, हे प्रेषिताला मान्य आहे. परक्याच्या घरी जेवायला गेल्यास फार चौकशी करू नये, असेही ते सुचवितात. परंतु हे अर्पिलेले आहे असे कोणी सांगितले, तर सांगणाऱ्याच्या विवेकबुद्धीसाठी हात आवरावा. म्हणजे आपले ज्ञान किती पक्के आहे, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला आणि समोरच्या माणसाचे काय होईल, हा पुढे आणला. सिंगापूरच्या त्या घरात अडचण अशी की अर्पण करणारी व्यक्ती बाजारातील कसाई नाही, यजमानही नाही. ती आई आहे. पहिली आज्ञा आणि चौथी आज्ञा एकाच ताटात समोर आल्या आहेत. आपल्याकडेही गणपतीच्या दिवसांत शेजारघरून मोदक येतात. आमची आई ते ताट दोन्ही हातांनी घेई आणि रिकामे परत न करता त्यात आमच्या झाडाची केळी ठेवी. मोदकांचे पुढे काय होई, हे तिला विचारण्याचे धाडस आम्ही कधी केले नाही. परंतु शेजारीण ती शेजारीण; ती आपली आई नसते.

याच वाटीभर भातावरून ख्रिस्तसभेत जवळजवळ तीनशे वर्षे वाद चालला. मात्तेओ रिची हे येशूसंघीय धर्मगुरू १५७८ साली गोव्याला आले, १५८० मध्ये कोचीनला त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १५८२ मध्ये ते मकावला पोहोचले. १६०१ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १६१० पर्यंत, ते बीजिंगमध्ये राहिले. चिनी विद्वानांबरोबर अनेक वर्षे उठबस केल्यावर त्यांचे मत असे बनले की पितरांपुढे अन्न मांडणारे लोक मृत येऊन जेवतात असे मानत नाहीत. जिवंतपणी ज्यांची सेवा केली त्यांच्याविषयीची कृतज्ञता दाखवण्याची दुसरी रीत त्यांना ठाऊक नाही. पुढे डोमिनिकन व फ्रान्सिस्कन मिशनरी आले. त्यांचा वावर विद्वानांपेक्षा खेड्यांतील साध्या माणसांत अधिक, आणि तेथे त्यांना नाणी, नवस व भय दिसले. दोघांनीही जे पाहिले ते खरेच पाहिले होते, असे आम्हांला वाटते. रोमहून १६४५ मध्ये मनाई आली, १६५६ मध्ये येशूसंघीयांच्या निवेदनानुसार परवानगी आली, १७०४ मध्ये अकरावे क्लेमेंट यांच्या काळात पुन्हा मनाई आणि १७१५ मध्ये तीच अधिक कठोरपणे. ज्या खांग्शी सम्राटाने १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली होती, त्यानेच या मनाईनंतर मिशनरी कार्यावर बंदी घालण्याची भूमिका घेतली. १७२१ मध्ये एका पोपप्रतिनिधीने आठ सवलती दिल्या. शवपेटीपुढे फळे, मिठाया व अन्न मांडण्याची मुभा त्यांत होती. १७४२ मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी त्या रद्द केल्या आणि चर्चाच बंद केली.

यानंतरची दोनशे वर्षे एखाद्या चिनी ख्रिस्ती घरात कशी गेली असतील, याचा विचार आम्ही त्या सायंकाळनंतर पुष्कळदा केला. ग्रंथांत सम्राट आणि पोप भेटतात. आईच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या नववर्षाला तिची वाटी मांडायची नाही हे ज्याने पाळले, तो मुलगा भेटत नाही. भाऊबंदांनी त्याला काय म्हटले असेल? आईला विसरलेला, असेच. अखेर ८ डिसेंबर १९३९ रोजी, बारावे पायस यांच्या कारकिर्दीत, रोमच्या धर्मप्रसार खात्याने निर्णय दिला की मृतांच्या प्रतिमेपुढे किंवा नामफलकापुढे मस्तक लववणे व तत्सम नागरी आदर दाखवणे योग्य व धर्मसंमत आहे. तैवानमध्ये कार्डिनल यू बिन यांनी १९७१ मध्ये नववर्षाला पितरांच्या सन्मानाचा विधी उघडपणे सुरू केला. परंतु १९३९ च्या निर्णयात मस्तक लवण्याचा उल्लेख आहे, भाताच्या वाटीचा नाही. ती वाटी घरच्या बाईकडे राहिली.

आणि घरच्या बाईकडून ती हिसकावण्याचा प्रयत्न दुसऱ्या एका दिशेनेही झाला. तुलना कोणी ओढूनताणून करू नये, कारण हेतू अगदी निराळे होते. १९५८ मध्ये माओंच्या राजवटीत खेड्यापाड्यांतून सामुदायिक भोजनालये उघडली, घरच्या चुली बंद झाल्या, लोखंडी कढया पोलादाच्या भट्ट्यांत गेल्या. कुटुंबाने एकत्र बसून स्वतःचे अन्न शिजवणे हे मागासलेपण ठरले. त्यानंतरच्या १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात किती माणसे मेली याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. भोजनालये १९६१ मध्ये मोडली. पुढे सांस्कृतिक क्रांतीत, १९६७ मध्ये, नववर्षाची सुटीच रद्द झाली. एवढे होऊनही ते जेवण टिकले, हे लक्षात घेतले की त्या फळीपुढील मेजाकडे अंधश्रद्धा म्हणून एका शब्दात बोट दाखवण्याचा धीर होत नाही.

आता त्या रात्रीकडे परत येऊ. ओट्यावरच्या डब्यांची झाकणे उघडली तेव्हा थोरल्या मुलाच्या तोंडावर आश्चर्य उमटले. दर वर्षी त्यांत बदक असे. या वर्षी वाफवलेले पापलेट, टोफू, अळंबी आणि मुगाच्या शेवया होत्या. मांसाचा तुकडा नव्हता. त्या दिवशी उपवास आहे एवढेच नातीने आजींना दूरध्वनीवर सांगितले होते. सूट मिळाल्याचे मुलाने नंतर कळवले, परंतु उपास एका पत्राने कसा सुटतो हे काही आजींना उमगले नाही. त्या स्वतः नववर्षाच्या पहिल्या दिवशी मांस खात नाहीत. उपास म्हणजे उपास. मुलाला बदक खाण्याची मोकळीक ख्रिस्तसभेने दिली होती आणि त्याच्या धर्माची न झालेल्या त्याच्या आईने त्याचा उपास सांभाळला होता. त्याने पापलेट आणि टोफू खाल्ले. समोर मेजावर बदक होते. कॅथलिकांपैकी कोणीही त्याला हात लावला नाही. आम्ही मात्र काय खावे हे न कळून आजींनी वाटीत ठेवले ते सर्व खाल्ले. संत पौलांच्या नियमाचा याहून सोयीस्कर अर्थ आम्हांला काढता आला नाही.

निघताना थोरला मुलगा आम्हांला खालपर्यंत सोडायला आला. लिफ्टमध्ये तो स्वतःहून बोलू लागला. "आमच्या घरात वडिलांच्या आधी कोणाला वाढले जात नाही. ते जिवंत होते तेव्हाही नाही, गेल्यावरही नाही. हे आईनेच आम्हांला शिकवले. पण चौदा वर्षे ती आमचा वाटा आधी काढते. वडिलांच्या आधी. माझ्यासाठी ती दर वर्षी वडिलांचा अपमान करते, आणि एवढ्या वर्षांत मी तिला एकदाही थांबवलेले नाही."

आम्ही काही उत्तर दिले नाही. आजवर आम्ही या प्रश्नाचा विचार नेहमी एकाच बाजूने केला होता: आपली विवेकबुद्धी कशी निर्मळ राहील? सुनेने ती निर्मळ राखली, आणि त्यासाठी आम्ही तिला दोष देणार नाही. तिचाही त्याग लहान नव्हता. चिनी रीतीप्रमाणे पुनर्मीलनाची रात्र सासरची आणि माहेर दुसऱ्या दिवसाचे; तिची विधवा आई त्या सर्व रात्री एकटी जेवत होती. तरी पण तिच्या निर्मळतेची किंमत त्या घरात कोणी तरी भरत होते, आणि ती स्वतःच्या विवेकबुद्धीतून भरत होते. ऐंशी वर्षांची बाई आपल्या धर्माचा नियम दर वर्षी एकदा मोडते, तो लोभाने नव्हे, आळसाने नव्हे, तर सुनेला आपल्या धर्माचा नियम मोडावा लागू नये म्हणून. प्रेषिताने करिंथकरांकडे जे मागितले, ते येथे करिंथकरांचे पत्र कधी न वाचलेल्या स्त्रीकडून घडत होते. हे आपण घ्यावे काय? दुसऱ्याने आपल्यासाठी केलेला असा त्याग, तो आपल्याला दिसत असताना, चौदा वर्षे मुकाट्याने स्वीकारणे हे नुसते खाणे न खाण्यापेक्षा निराळे पाप आहे की नाही? की त्याला नाही म्हणणे, म्हणजे डबे परत ढकलणे, हाच त्या घरातील सर्वांत मोठा अपमान ठरला असता? आमच्या मुलीशी यावर आमचा बराच वाद झाला. तिचे म्हणणे असे की मुलाने आईला एकदा तरी उघडपणे धन्यवाद द्यायला हवे होते. आम्हांला वाटते की धन्यवाद दिले असते तर पुढल्या वर्षी डबे काढणे आजींना कठीण झाले असते. न बोलल्यामुळेच ते चालले. सौभाग्यवतींचे मत निराळेच होते. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघे सुनेला आणि मुलाला विचारता आहात. त्या बाईंनी नवऱ्याला सांगून ठेवले असेल."

आजी २०१९ मध्ये वारल्या. पुढच्या नववर्षाचे जेवण थोरल्या सुनेने केले. बदक तिने सासूच्याच रीतीने केले, असे मुलीने कळवले. दर्शनी फळी धाकट्या मुलाकडे गेली आहे. थोरल्याच्या घरी क्रूसाखालच्या कपाटावर आजी-आजोबांची छायाचित्रे, फुले आणि संत्र्यांची जोडी असते. त्यापुढे अन्न मांडलेले नसते, नाणी नसतात. मात्र पदार्थ चुलीवरून उतरले की मेजावर काही जाण्यापूर्वी सून एका वाटीत थोडे थोडे काढते, तिच्यावर झाकण ठेवते आणि ओट्याच्या कोपऱ्यात सारते. कोणासाठी, हे घरात कोणी विचारीत नाही. मध्यरात्रीनंतर नातू ती खातो.